हातचा एक

सावद्याला फैजपूर रोडवर आमचं शेड,
दुपारी पत्रा तापला की कडकड वाजणारं.
मी हिशेब लिहिते. तेरा किलोचा खोका,
खोक्यात फण्या, फणीत बोटं.
निर्यातीच्या कागदावर केळ्याला बोटच म्हणतात, फिंगर.
म्हणून दुबईहून शाजी पहिल्यांदा म्हणाला,
"कुंदा, कीप युवर फिंगर्स क्रॉस्ड,"
तेव्हा फोन कानाला तसाच धरून
मी बांधलेले चाळीस खोके उघडायला लावले.
एकही बोट वाकडं निघालं नाही.
"काय म्हणतो वं तो?"
मंदाआत्यानं विचारलं, हात चिकानं काळे.
बोटं एकमेकांवर चढलीत म्हणतो.
आत्या म्हणाली, त्याची चढली असतील.

शाजी त्रिशूरकडचा.
हिंदी त्याला माझ्या इंग्रजीइतकीच येते,
म्हणून आम्ही दोघं तिसऱ्याच्याच अंगणात उभं राहून बोलतो.
त्याची वाक्यं मी आवक-वहीत लिहू लागले, शेवटच्या पानापासून उलटी.
पुढून केळी, मागून इंग्रजी.

'द बॉल इज इन युवर कोर्ट.'
कोर्ट ऐकलं आणि पोटात गोळा आला.
आमच्या बांधाच्या दाव्याला अकरा वर्षं झालीत,
भुसावळच्या तारखा, वकिलाचे चहा,
आणि हा आता चेंडूही तिथंच टाकतोय.
रात्री नेहेते सरांना विचारलं. सर हसले नाहीत.
म्हणाले, म्हणजे आता तू बोल.
एवढंच?
मग बोल म्हणायचं ना बाबा.

'कोल्ड फीट' कळलं ते हुरमत तडवीमुळे.
तो दिवसभर कोल्ड रूममध्ये, तेरा डिग्रीत,
बाहेर सेहेचाळीस.
मी त्याला सांगितलं, पाय गार पडणं म्हणजे ऐन वेळी भिणं.
त्यानं गमबूट उपसला,
दोन जोड मोज्यांतला पाय दाखवला,
"ताई, गार तर रोजच पडतात. भ्यायला सवड कुठंय?"
हे शाजीला इंग्रजीत सांगायला गेले,
तर हुरमत भित्रा आहे एवढंच पोचलं.
त्या दिवसापासून तो दर फोनला विचारतो,
हुरमतला आता बरं आहे ना.

मे संपता संपता कंटेनर बंदरावर अडकला. चार दिवस.
शाजी म्हणाला, "माय बॉस विल गो बनानाज."
मी फोनवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं,
इंग्रजीत वेड लागलं की माणूस केळी होतो.
टबातलं पाणी उडेस्तोवर बाया हसल्या.
आत्या म्हणाली, मग रावेर-यावलातली शहाणी माणसं मोज,
आहेत का एका हाताच्या बोटांइतकी!

शाजी हसत नव्हता.
पिकून किती खोके जातील, खरं सांग, म्हणाला.
साठ, मी म्हटलं, आणि स्वतःशीच पुटपुटले काहीतरी.
"व्हॉट डिड यू से?"
हातचं राखून, मी म्हटलं. आता सांगणं आलं.
नऊ आणि सात सोळा. सहा मांडले, एक हातचा.
वी डोन्ट राइट इट, शाजी. वी होल्ड इट.
पलीकडे बराच वेळ नुसता एसीचा आवाज.

पुढच्या आठवड्यात फोन आला. हॅलो नाही, काही नाही.
"कुंदा. हातचं रागून नको."
ख चा ग झालेला, सूर भलतीकडेच चढलेला,
पण शब्द आमच्या शेडचे, तिथून इथवर आलेले.
मी आकडा सांगितला. ब्याण्णव.

ते वाक्य कुठल्या बाजूनं लिहावं कळेना,
वही नुसतीच मांडीवर उघडी राहिली.
किलोमागं रुपया त्यानं तरी कापलाच.
हातचा असेल.